तिसरा आकडा

मेसा, ॲरिझोना
९ सप्टेंबर

वेन्डेल,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे कागद काढलेत. टॅकोमाहून परतून तीन आठवडे झाले. तेवढ्यात बारा वेळा फोन केला. तेराव्यांदाही त्या यंत्रातला तुझा आवाज ऐकला तेव्हा म्हटलं, मरू दे, पत्रच टाकू. पत्राला निदान "आत्ता नको, हातात रंधा आहे" असं सांगता येत नाही.

सकाळपासून मी एका जागी बसलेली नाही. फ्रिज पुसून झाला, मग फ्रिजच्या मागची भिंत पुसून झाली. बाहेर एकशे सात डिग्री. खेळायचं तर पावणेसहाला जायचं आणि आठच्या आत घरात. पुढे दिवसभर भिंतींकडे बघायचं. माझा जीव नुसता खालीवर होतोय आणि कशासाठी ते मलाच कळत नाही.

बातमी देते. आमच्या वसाहतीत नवा नियम पास झाला, सातास दोन. कमिटीत मीच मांडला आणि मीच लढवला. आमची पिकलबॉलची कोर्टं सहा. थंडीत वरच्या राज्यांतले म्हातारे उतरले की फळीवर नंबर लावलेली पॅडलं पन्नास-साठ. माणसं पाऊण-पाऊण तास बसून असतात. का? तर कोर्टावरचे चौघं अकरा गुण करायला जन्म घालवतात. ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण, असा तुझा तो लाडका जुना नियम. सर्व्हिस इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि गुण तिथल्या तिथेच. आता ते बंद. चेंडू मेला की कुणाला ना कुणाला गुण, सर्व्हिस कुणाचीही असो. पंधरा झाले की उठा. बारा मिनिटांत चौघं बाहेर, चौघं आत. लोक मला थांबवून हात मिळवतात.

आता टॅकोमाचं. तू त्यावरून फुगला आहेस हे मला कळतं. पण तूच सांग. ऑगस्टातली सगळ्यात मोठी स्पर्धा, त्यातली फायनल. ते चौदावर, आपण तेरावर. सर्व्हिस तुझ्या हातात. या वेळी नव्या नियमानं खेळवणार हे दोन महिने आधी कळवलेलं. म्हणजे सर्व्हिस बाहेर पडली की गुण त्यांना आणि सामना त्यांना. अशा वेळी चेंडू गुमान मधोमध टाकायचा हे शेंबड्या पोरालाही कळेल. तू काय केलंस? तो तुझा कोपऱ्यातला, रेषेवरचा, जोरकस. चार बोटं बाहेर. त्यानंतर मी काहीतरी बोलले असेन. खेळाच्या भरात माणूस बोलतं. मनावर घेऊ नकोस.

फेब्रुवारीतल्या इथल्या स्पर्धेचा फॉर्म पंधरा डिसेंबरला बंद होतोय. मिश्र दुहेरी, साठच्या वर. जोडीदाराचं नाव लिहावं लागतं. पंधरा वर्षं मी तिथे डोळे मिटून भावाचं नाव लिहीत आले. या वर्षी पेन टेकवून बसले आणि उठले. लवकर कळव.

ग्लेन्डा


बेनब्रिज बेट, वॉशिंग्टन
२४ सप्टेंबर

ग्लेन्डा,

फोन उचलत नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

"काहीतरी बोलले असेन" असं लिहिलंस. तुला आठवत नसेल तर मी सांगतो. आपण नेटपाशी हात मिळवायला गेलो. समोर स्पोकॅनचा तो दातांचा डॉक्टर आणि त्याची बायको. मी म्हणालो, "सॉरी, ग्लेन." तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. त्या दोघांना म्हणालीस, आणि बाकांवरच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "मार्गो याला उगाच नाही सोडून गेली. ऐन वेळी हा हमखास असंच करतो." डॉक्टरची बायको आपल्या बुटांकडे बघत राहिली. तू तरातरा निघून गेलीस आणि त्याच संध्याकाळच्या विमानानं ॲरिझोनाला.

मी गोदीतली कायमची नोकरी सोडून लाकडी बोटी बांधायला लागलो, आणि सहा महिन्यांत मार्गो बॉयझीला निघून गेली, हे बेटावर सगळ्यांना ठाऊक आहे. चार वर्षं झाली, कुणी माझ्यासमोर काढत नाही. स्पोकॅनला ठाऊक नव्हतं. आता तेही झालं.

तुझा नियम तुला लखलाभ. आमच्या क्लबातही तेच खूळ आलंय. ऑक्टोबरच्या शेवटी मतदान आहे. माझं मत विरोधात. जुन्या नियमात सर्व्हिस आपली असताना चूक झाली तर गुण जात नाही, पाळी जाते. माणसानं काही करून बघावं म्हणून ती सोय ठेवली आहे. तू ती सोय काढून टाकलीस आणि वेळ वाचला म्हणतेस. वाचलेल्या वेळात काय करतेस? फ्रिज पुसतेस.

फेब्रुवारीचं आत्ता विचारू नकोस.

वेन्डेल


मेसा
४ ऑक्टोबर

वेन्डेल,

पत्र मिळालं. वाचून मी तीन चकरा मारल्या, वसाहतीच्या फाटकापर्यंत आणि परत, भर दुपारी. शेजारणीला वाटलं माझं कुत्रं हरवलं. माझ्याकडे कुत्रं नाही.

बरं, बोलले. मोठ्यानं बोलले. पण खोटं बोलले का? ऐन वेळी तुला काहीतरी करून दाखवायचं असतं. पेन्शनला तीन वर्षं उरलेली असताना नोकरी सोडलीस, तीही अशीच. तेरा-चौदावर कोपऱ्यात सर्व्हिस, तीही अशीच. तुला टाळ्या हव्या असतात, वेन्डेल. लहानपणी धक्क्यावरून उलटा सूर मारायचास आणि पाण्यातून डोकं वर काढलं की आधी बघायचास, कोण कोण बघतंय.

आणि नियमावर राग काढू नकोस. इथे सगळं झकास चाललंय. थोडी गंमत होते, ती होणारच. आमचा डेल्बर्ट अजून तीन आकडे पुकारतो. परवा सर्व्हिसला उभा राहिला आणि ओरडला, "चार-सहा-दोन!"

पलीकडून फ्लोरीन म्हणाली, "दोन कसले? आता दुसरा सर्व्हर नाही, डेल्बर्ट. तू हुकलास की चेंडू सरळ आमच्याकडे."

"म्हणजे मी नुसतं चार-सहा म्हणू? चाळीस वर्षं चष्मा घातल्यावर एकदम काढल्यासारखं वाटतं."

"वाटू दे. सर्व्हिस कर आधी. माझं वय होत चाललंय."

सगळे हसले. एवढंच. हां, एक आहे. लोक थोडे सांभाळून खेळायला लागलेत. पूर्वी डेल्बर्ट कुठूनही कसलाही चेंडू फिरवायचा, आता दोन हातांनी पॅडल धरून मधोमध ढकलतो. आणि जो तो चुका धरायला लागलाय. "हा गुण तू घालवलास," "तो तू घालवलास." जूडिथ परवा पाच-चौदावर पॅडल खाली ठेवून घरी गेली. म्हणाली, "एवढ्यातून आता वर येता येत नाही, मग कशाला उभी राहू?" नवीन आहे, सवय होईल.

तू मात्र मूळ प्रश्नावर काही लिहीत नाहीस. फेब्रुवारीला येणार आहेस की नाही? हो की नाही, एवढंच लिही. बाकीचं भाषण नको.

ग्लेन्डा


बेनब्रिज बेट
५ नोव्हेंबर

ग्लेन्डा,

नाही.

एवढंच लिही म्हणाली होतीस, पण बाकीचंही लिहितो.

तुझं पत्र मी बोटीच्या शेडमध्ये उभ्याउभ्या वाचलं. हातातली पट्टी उलटी बसवली, काढली, पुन्हा उलटीच बसवली. मग सरळ चालत सुटलो. फेरीबोटीच्या धक्क्यावर कोरा अलमाझान भेटली. तू तिला ओळखतेस, दवाखान्यात नर्स होती, डावखुरी. तिचा नवरा रूडी याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. ती म्हणाली, "वेन्डेल, फेब्रुवारीत मेसाला माझ्याबरोबर खेळशील? तू ग्लेन्डाबरोबर असतोस हे माहिती आहे. नुसतं विचारून ठेवते." तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी हो म्हणालो. फॉर्म भरून झालाय.

आता मतदानाचं. आमची चार कोर्टं, आणि रांग तुमच्याएवढीच. एकसष्ट माणसं जमली. अध्यक्षीण पेट्रानं घड्याळ लावून मिनिटांचं गणित मांडलं, आणि ते गणित बिनचूक होतं. मी मागे भिंतीला टेकून उभा. मी सभेत बोलत नाही हे तुला माहीत आहे. रूडीनं कुबडीनं मला ढोसलं. "बोल की! महिनाभर माझं डोकं खाल्लंस, आता यांचं खा."

म्हणून बोललो. म्हणालो, आपण सर्व्हिस करण्याआधी तीन आकडे पुकारतो. पहिला आपले गुण, दुसरा त्यांचे. बाहेरच्यांना हसू येतं ते तिसऱ्याचं. तिसरा आकडा सांगतो, आपल्या बाजूचा हा पहिला सर्व्हर की दुसरा. पहिला चुकला तर चेंडू समोर जात नाही. तो जोडीदाराला मिळतो. दोघंही चुकले तरच समोर. नव्या नियमात तो आकडा नाही, कारण मागे कुणी नाही. मिनिटं वाचतील, पेट्रा, तुझं बरोबर आहे. पण दुहेरीतला दुसरा माणूस मग कशाला, ते मला सांग.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तुझ्या माहितीसाठी. जुना नियम एकतीस-तीसनं राहिला, तोही एका वर्षापुरता.

मी क्लबाला सांगितलं ते तुला सांगायला हवं होतं, हे घरी येताना कळलं. टॅकोमाला मी तो कोपऱ्यातला चेंडू टाळ्यांसाठी मारला नाही. हात मागे गेला तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं: गेला तर गेला, ग्लेन आहे मागे. पंधरा वर्षं माझा हात तेवढ्या भरवशावर चालला. नियम बदललाय हे डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. चेंडू बाहेर पडला आणि मी वळलो. कशासाठी वळलो ठाऊक आहे? तुझ्याकडे चेंडू द्यायला, आता तुझी सर्व्हिस म्हणून. तू पॅडल मांडीवर आपटून नेटकडे निघाली होतीस. तेव्हा मला आठवलं की संपलं.

मी तुला दोष देत नाही. पण टाळ्यांचं पुन्हा लिहू नकोस.

वेन्डेल


मेसा
१९ नोव्हेंबर

वेन्डेल,

हे पाचवं. आधीची चार फाडली. पहिल्यात मी तुझ्यावर चिडले होते, दुसऱ्यात कोरावर, तिसऱ्यात पुन्हा तुझ्यावर. चौथ्यात नुसतं "सॉरी" लिहिलं होतं, आणि ते इतकं खोटं दिसत होतं की तेही फाडलं.

मी माझी मैत्रीण पेग हिला फोन केला. टॅकोमाला मी तिच्याचकडे उतरले होते, आणि तिनं फायनल फोनवर चित्रित केली होती. तिला म्हटलं, पाठव. मला बघायचं होतं की तू खरंच वळला होतास का. वळला होतास. चेंडू देण्यासाठी हात पुढे केलेला, कोपर वाकलेलं, नेहमीसारखा. आणि समोर माझी पाठ.

एवढं बघून बंद करायचं ना? पण मला बसवतं कुठे. मी पहिल्यापासून बघितलं. नव्या नियमात लपवायला जागाच नाही, प्रत्येक चेंडूला कुणाचा तरी गुण. मी स्वतःच कमिटीत सांगितलं होतं, "सगळं स्वच्छ, कोण कुठे चुकलं ते पाटीवर दिसतं." तर मी कागद घेऊन बसले. त्यांचे पंधरा गुण. दोन त्यांनी खरोखर कमावले, काही करता आलं नसतं. चार तू घालवलेस, शेवटच्यासकट. नऊ मी घालवले. पुन्हा बघितलं, पुन्हा नऊ. अकरा-अकरा असताना एक सोपा चेंडू मी सरळ नेटमध्ये मारला. एवढा सोपा की डेल्बर्टनं डुलकी घेत मारला असता. दर वेळी तू पॅडल माझ्या पॅडलला टेकवतोस आणि तुझे ओठ हलतात. आवाज येत नाही, पण तू काय म्हणतोस ते मला माहीत आहे. "पुढचा." नऊ वेळा. आणि तुझा तो शेवटचा गेला तेव्हा मी मार्गोला काढलं.

मार्गोच का काढली, तेही लिहिते. लिहिलं नाही तर मला वेड लागेल. तू नोकरी सोडलीस त्या वसंतात तिनं मला फोन केला होता. तासभर रडली. म्हणाली, "ग्लेन्डा, तो सुखात आहे आणि मला भीती वाटते, मी काय करू?" मी तुझी बहीण. मी म्हणायला हवं होतं, थोडं थांब, बोटी विकल्या जातील, मी आहे. मी काय म्हणाले? म्हणाले, "हा असाच राहणार. तू आपलं बघ." पुढच्या महिन्यात ती गेली. माझ्यामुळे गेली असं नाही, ती काय कुक्कुलं बाळ नव्हती. पण तिनं विचारलं होतं, आणि मी तिला दार दाखवलं होतं. चार वर्षं हे माझ्या घशात अडकून आहे. त्या दिवशी नेटपाशी ते उलटं होऊन बाहेर पडलं, तुझ्या अंगावर.

त्या नऊ चुका मोजल्या. ही दहावी, आणि ती पाटीवर नव्हती.

मला लाज वाटते, वेन्डेल. मला फार लाज वाटते. तू कोराबरोबर खेळतोस ते योग्य आहे असं म्हणायचा मी प्रयत्न करतेय. अजून नीट जमत नाही. मी माझा फॉर्म भरणार नाही.

ग्लेन


बेनब्रिज बेट
२ डिसेंबर

ग्लेन्डा,

पत्र मिळालं.

मार्गोनं तुला फोन केला होता हे मला माहीत नव्हतं. आत्ता याहून जास्त लिहिता येत नाही. दोनदा बसलो, दोनदा उठलो.

वेन्डेल


मेसा
२४ फेब्रुवारी

वेन्डेल,

मी आले होते. तुला माहीतच आहे. शनिवारी मी तुला पाहिलं, तू मला पाहिलंस, आणि मग आपण दोघांनीही मोठ्या लक्षपूर्वक पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. जवळ यावंसं वाटत होतं. पाय निघाला नाही. तू अडीच महिने एक ओळ लिहिली नव्हतीस, आणि सामन्याच्या दिवशी तुझ्या डोक्यात मी नकोच होते.

जाळीमागच्या तिसऱ्या बाकावर मी शांत बसायचं ठरवलं होतं. पहिल्या सामन्यात दोनदा जागा बदलली आणि दुसऱ्यात उभीच राहिले. शेवटी शेजारचा माणूस म्हणाला, "बाई, तुम्ही त्यांच्या कोच आहात का?" मी म्हटलं, "नाही हो, मी त्याची बहीण आहे." किती दिवसांनी ते मोठ्यानं म्हटलं.

कोरा बरी खेळते. घाबरली की घाई करते, बाकी बरी. उपांत्यपूर्व सामन्यात तुमच्यासमोर नेमकी ती स्पोकॅनची जोडी आली. नऊ-नऊवर कोराचे दोन चेंडू लागोपाठ बाहेर गेले. इथेही नवाच नियम, दोन्ही गुण त्यांना. तू तिच्या पॅडलला पॅडल टेकवलंस आणि तुझे ओठ हलले. मी तिथून उठून गाड्यांच्या मागे गेले आणि रडले. सामन्याचा शेवट मी बघितला नाही. तुम्ही पंधरा-बारानं हरलात हे फळ्यावर वाचलं. तोवर तू, कोरा आणि कुबडीवाला रूडी, तिघंही विमानतळाकडे निघून गेला होतात.

मग मी एक गोष्ट केली, ती तुला कळवायला हे पत्र.

डॉक्टर आणि त्याची बायको सावलीत बसून संत्री सोलत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "ओळखलंत? टॅकोमा, ऑगस्ट. मी तुमच्यासमोर माझ्या भावाला त्याच्या बायकोवरून बोलले होते. तो सामना त्यानं घालवला नाही. चार गुण त्यानं घालवले आणि नऊ मी. मी चित्रफीत बघून मोजलंय. आणि त्याच्या बायकोचं मी बोलले ते तर त्याहून वाईट होतं. तुमच्यासमोर बोलले म्हणून तुमच्यासमोर परत घेतेय." वाक्य पाठ करून गेले होते, तरी मधे दोनदा अडखळले.

डॉक्टरनं हातातली संत्र्याची फोड खाली ठेवली. बायको म्हणाली, "बसा आधी." मी बसले नाही. मग ती म्हणाली, "गुणांचं मला काही आठवत नाही हो. मला आठवतं ते बॅगेचं."

"कुठल्या बॅगेचं?"

"तुमच्या. तुम्ही बाकावर बॅग टाकून गेलात. तुमचा भाऊ ती खांद्याला लावून गाड्यांपर्यंत आला. आम्ही मागेच होतो. तुम्ही गाडीत बसला होतात, फोनमध्ये डोकं घालून. त्यानं डिकी उघडली, बॅग ठेवली, डिकी हळू लावली, आवाज होणार नाही अशी. मग तो काचेच्या या बाजूला उभा राहिला, बराच वेळ. मी माझ्या नवऱ्याला म्हटलं, आता ही वर बघेल. तुम्ही बघितलं नाहीत. मग तो गेला. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. ती बॅग घरी येऊन मी उघडली, कपडे धुतले, बूट उन्हात ठेवले. सहा महिन्यांत एकदाही मनात आलं नाही की ती गाडीत आली कशी. गाडी पेगची, म्हणून तिनंच ठेवली असेल असं धरून चालले होते. त्या बाईनं माझ्या हातावर अर्धं संत्रं ठेवलं, आणि मी ते तिथेच उभी राहून खाल्लं, बियांसकट.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते तू ठरव, तुझ्या वेळेनं. पण मार्गोचं जे केलं ते मी कागदावर लिहून सुटले, आणि ते मला पटत नाही. ते तुझ्या तोंडाकडे बघून सांगायला हवं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी येते. खेळायला नाही, पॅडल आणणार नाही. दार उघडलं नाहीस तर पुढच्या फेरीनं परत जाईन आणि पेगकडे झोपेन. तुला काही वाटून घ्यायचं कारण नाही.

आणि हो, कमिटीत मी मांडलंय की आठवड्यातले दोन दिवस जुन्या नियमानं खेळू द्या. डेल्बर्टनं इतक्या जोरात अनुमोदन दिलं की त्याच्या श्रवणयंत्राचा तुकडा गळून पडला. रांग वाढेल. वाढू दे.

ग्लेन


बेनब्रिज बेट
१९ मार्च

ग्लेन,

चार एप्रिल, शनिवार. दुपारी दोनच्या फेरीनं ये, ती फार हलत नाही. मी धक्क्यावर असेन.

मार्गोचं जे सांगायचं असेल ते सगळं सांग. मी मधे बोलणार नाही. नंतर मी बोलेन, आणि ते तुला आवडणार नाही. तेव्हा तू मधे बोलायचं नाहीस.

बॅग तुझी तू उचल.

वेन्डेल